जिवाणू मेला, तरी ताप का चढतो?

मुंबईतल्याच एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलं आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "मॅडम, मी मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींवर एलपीएस आणि पेप्टिडोग्लायकन हे जिवाणूच्या आवरणाचे घटक घालून टीएनएफ हा दाह पेटवणारा संदेश-रेणू मोजते आहे. पुस्तकातल्या कोष्टकात एलपीएससमोर टीएलआर-४ आणि पेप्टिडोग्लायकनसमोर टीएलआर-२ हे त्यांना ओळखणारे रिसेप्टर असं सरळ लिहिलंय. पण टीएलआर-४ बंद करणारं टॅक-२४२ घातलं तरी एलपीएसचा टीएनएफ पूर्ण जात नाही. शिवाय ज्या कंट्रोल वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) मी काहीच घातलेलं नाही, तिथेही थोडा टीएनएफ येतोच. दुसरा प्रश्न घरचा आहे. आजीला लघवीच्या इन्फेक्शनसाठी ॲडमिट केलं होतं. अँटिबायोटिकचा पहिला डोस गेला आणि दोनेक तासांत तिला हुडहुडी भरून ताप आणखी चढला. जिवाणू मरत असतील तर ताप उतरायला हवा ना?"

हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या तुझ्या बाटलीत जिवंत काहीही नाही. आजीच्या अंगात औषध गेल्यावर जिवाणू फुटत होते. दोन्हीकडे गोंधळ घातला तो मेलेल्या जिवाणूच्या सांगाड्याने. मॅक्रोफेज पेशी समोरच्याची नाडी बघत नाही, ती त्याच्या भिंतीचे तुकडे चाचपते. तुकडा ओळखीचा निघाला की बोंब ठोकते. ती बोंब म्हणजेच टीएनएफ आणि त्याचे सोबती आयएल-६, आयएल-१, आणि तीच पुढे ताप.

मी परळला काम करते, पंचवीसेक वर्षं झाली. रोज हाफकिन इन्स्टिट्यूटच्या आवारावरून जाते, त्यामुळे मला या विषयाची सुरुवात तिथूनच करायची सवय लागली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग उघडकीला आला, डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला. जिवाणूशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना सरकारने मुंबईला बोलावलं, ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा दिली, आणि तिथे त्यांनी प्लेगचे जिवाणू रश्शात वाढवून, उष्णतेने मारून लस केली. १० जानेवारी १८९७ ला ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना ती दिली गेली. लोकांनाही लस टोचल्यावर ताप येई आणि त्यामुळे ते घाबरत. आपण याकडे लसीच्या इतिहासातली गोष्ट म्हणून बघतो. तू मात्र तुझ्या प्रयोगाच्या नजरेने बघ: सुईत एकही जिवंत जिवाणू नाही, तरीही काही तासांत माणूस फणफणतो. तुझा कंट्रोल वेल हे त्याचंच छोटं रूप आहे.

याच्या पाचेक वर्षं आधी, १८९२ मध्ये, बर्लिनला जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली काम करणारे रिचर्ड फायफर यांना कॉलऱ्याच्या जिवाणूंबाबत हेच दिसलं होतं. उष्णतेने मारलेले जिवाणू टोचले तरी गिनीपिग मरत. जिवंत जिवाणू बाहेर सोडतो ते विष वेगळं आणि हे जिवाणूच्या शरीरातच दडलेलं वेगळं, म्हणून त्यांनी नाव दिलं एंडोटॉक्सिन, म्हणजे आतलं विष. तुझं एलपीएस ते हेच. नाव टिकलं, पण त्यातले दोन्ही शब्द फसवे निघाले. ते आत नसतं, अगदी बाहेरच्या पडद्यावर असतं. आणि नेहमीच्या अर्थाने ते विषही नाही.

विष का नाही, ते समजलं की बाकीचं सोपं जातं. सी३एच/एचईजे नावाचा उंदरांचा एक वाण आहे. इतर उंदीर ज्या डोसने मरतात तेवढं एलपीएस टोचलं तरी याला ढिम्म काही होत नाही. विष असतं तर तो मेला असता. ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने वर्षानुवर्षं जनुकांचा नकाशा पिंजून १९९८ मध्ये दाखवलं, की या उंदरात बिघाड आहे तो टीएलआर-४ च्या जनुकात. एका ठिकाणी प्रोलीनच्या जागी हिस्टिडीन आलं आहे, बस्स. एक अमिनो आम्ल बदललं आणि प्राणघातक वस्तू निरुपद्रवी झाली. म्हणजे मारत होतं ते एलपीएस नव्हे, एलपीएस ऐकून पेशींनी केलेला कालवा मारत होता. याआधी १९८९ मध्ये चार्ल्स जेनवे यांनी नुसत्या तर्काने मांडलं होतं की जिवाणूंच्या ठरावीक रासायनिक खुणा ओळखणारे रिसेप्टर आपल्यात जन्मजात असलेच पाहिजेत. १९९६ मध्ये हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत टोल जनुक बिघडलेल्या माश्या बुरशीने मेल्या, १९९७ मध्ये मेझितॉव्ह आणि जेनवे यांनी माणसातला टोल दाखवला. टीएलआर म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर, नाव या टोलवरूनच. २०११ चं नोबेल ब्यूटलर, हॉफमन आणि डेंड्रायटिक पेशीवाले स्टाइनमन यांना मिळालं. मेझितॉव्ह आणि जेनवे यादीत नव्हते, याची चुटपुट आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना अजून आहे.

आता भिंत. ग्रॅम स्टेन, म्हणजे जिवाणू रंगवून ग्रॅम पॉझिटिव्ह आणि ग्रॅम निगेटिव्ह असे वेगळे करणं, तू शंभर वेळा केलं असशील. १८८४ मध्ये हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी रंगवण्याची जी रीत शोधली, ती खरं तर भिंतीची जाडी सांगते. ग्रॅम पॉझिटिव्हची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड, साधारण २० ते ८० नॅनोमीटर, आणि तिच्यात टायकोइक आम्लाच्या साखळ्या ओवलेल्या. ग्रॅम निगेटिव्हची तीच भिंत जेमतेम काही नॅनोमीटर, पण तिच्या बाहेर आणखी एक पडदा. त्या पडद्याचा बाहेरचा पदर म्हणजे जवळजवळ सगळं एलपीएस. एका ई. कोलायवर त्याचे दहा लाखांहून जास्त रेणू असतात. दोन्ही जातींच्या पडद्यांत लिपोप्रोटीनं, म्हणजे मेदाच्या शेपट्या लागलेली प्रथिनं, रुतलेली असतात. ही लिपोप्रोटीनं लक्षात ठेव, तुझा अर्धा घोळ त्यांनीच घातला आहे.

एलपीएसचा बाहेर लोंबणारा भाग म्हणजे ओ-अँटिजेनची साखरेची साखळी. ती जातीजातीत वेगळी आणि तिच्यावरून आपण सेरोटाइप ठरवतो. पण पेशीला चेव आणतो तो बुडखा, लिपिड ए. दोन ग्लुकोसमाइन, दोन फॉस्फेट, आणि ई. कोलायच्या बाबतीत सहा मेदाम्लांच्या शेपट्या. हा बुडखा पडद्यात रुतलेला असतो, म्हणून जिवाणू शाबूत असताना तो सहजी हाती लागत नाही. जिवाणू फुटला, की पडद्याचे तुकडे मोकळे होतात. रक्तातलं एलबीपी नावाचं प्रथिन त्या तुकड्यातून एकेक रेणू उपसतं आणि मॅक्रोफेजवरच्या सीडी१४ या प्रथिनाकडे देतं. सीडी१४ तो एमडी-२ या दुसऱ्या प्रथिनाच्या खोबणीत सारतं. एमडी-२ आधीच टीएलआर-४ ला चिकटून बसलेलं असतं.

इथे थोडं थांबते, कारण या साखळीतला मला सगळ्यात आवडणारा भाग हा आहे. २००९ मध्ये कोरियातल्या गटाने या जोडणीची स्फटिकरचना काढली. सहापैकी पाच शेपट्या एमडी-२ च्या खोबणीत नीट मावतात. सहावी मावत नाही. ती काठावर पडून राहते आणि तिच्यामुळे शेजारचा दुसरा टीएलआर-४ येऊन चिकटतो. जोडी जमली की पेशीच्या आतल्या बाजूची दोन टोकं जवळ येतात आणि संदेश सुटतो. म्हणजे सगळा कारभार त्या न मावणाऱ्या शेपटीवर चालतो. लिपिड ए ला चारच शेपट्या असतील, तर तो खोबणीत आत सरकतो, जागा अडवतो, पण माणसाच्या टीएलआर-४ ची जोडी काही जमत नाही.

आतला पुढचा भाग पुस्तकात बाणाबाणांनी दिलेला असतोच, तो इथे उतरवत नाही. एवढंच लक्षात घे की एनएफ-कप्पाबी हे प्रथिन पेशीत आधीच तयार असतं, आयकप्पाबीने त्याला जखडून ठेवलेलं असतं. मायडी८८, आयआरएके, टीआरएएफ-६, टीएके-१ अशी हातोहात खबर जाऊन आयकप्पाबी तुटतं आणि एनएफ-कप्पाबी केंद्रकात शिरतं. नवीन काही बनवण्यात वेळ जात नाही, म्हणून हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. तासाभरात टीएनएफचा संदेशवाहक आरएनए भरपूर झालेला असतो. टीएलआर-४ नंतर पेशीच्या आत ओढला जातो आणि तिथून ट्रिफ या प्रथिनामार्फत दुसरी वाट सुरू होते, ती इंटरफेरॉन-बीटाकडे जाते. तू चोवीस तासांनी मीडिया (पेशींभोवतीचा द्रव) काढून एकदाच टीएनएफ मोजत असशील, तर तुला निकाल दिसेल, पण गोष्ट दिसणार नाही. किमान एक, चार आणि चोवीस तास असे तीन वेळा घे.

माणसात ही वेळ फार शिस्तीने दिसते. निरोगी स्वयंसेवकांना वजनाच्या दर किलोला दोन ते चार नॅनोग्रॅम इतकं शुद्ध एलपीएस शिरेतून देऊन अभ्यास झाले आहेत. साधारण दीड तासाने रक्तात टीएनएफ शिखरावर असतो, त्याच सुमारास थंडी वाजू लागते, आणि ताप तीन-चार तासांनी सर्वांत वर जातो. आजीला दोन तासांत हुडहुडी भरली असं तू लिहिलंस, ते या वेळापत्रकात बसतं. साठ किलोच्या माणसाला दोनशे नॅनोग्रॅम आसपास. मिठाच्या कणाहून कितीतरी कमी. उंदराला मारायला मात्र किलोला मिलिग्रॅमच्या हिशेबात एलपीएस लागतं. उंदरावरून माणसाबद्दल बोलताना जीभ जरा आवरायची, ती यासाठी.

उंदीर आणि माणूस यांच्या टीएलआर-४ चे कानही वेगळे आहेत. चार शेपट्यांचा लिपिड आयव्हीए उंदराच्या पेशीला चेतवतो, माणसाच्या पेशीत तोच उलट एलपीएसला अडवतो. तुझ्या प्रश्नात पेशी कोणत्या ते लिहिलेलं नाही. पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून आणलेल्या रॉ २६४.७ वाणाच्या असतील तर त्या उंदराच्या. टीएचपी-१ असतील तर माणसाच्या, आणि त्यांना आधी पीएमए हे रसायन देऊन मॅक्रोफेजसारखं करावं लागतं. प्रबंधात 'मॅक्रोफेज पेशींनी असा प्रतिसाद दिला' असं मोघम लिहू नकोस. आणि रॉ पेशींत आयएल-१ बीटा शोधत बसू नकोस. त्यांच्यात एएससी हे जोडणारं प्रथिनच नसतं, त्यामुळे इन्फ्लमासोम, म्हणजे आयएल-१ बीटा तयार करून देणारी प्रथिनांची जुळणी, नीट उभा राहत नाही. माझ्याकडच्या एका मुलाने यात चार महिने आणि मोजणीची दोन एलायझा किट घालवली. चूक माझी, मीच त्याला आधी सांगायला हवं होतं.

शेपट्यांच्या या हिशेबाने हाफकिन यांच्या प्लेगकडे पुन्हा बघ. प्लेगचा जिवाणू पिसवेच्या अंगात, म्हणजे सव्वीसेक अंशांना, सहा शेपट्यांचा लिपिड ए बनवतो. माणसाच्या ३७ अंशांत शिरला की चार शेपट्यांचा बनवू लागतो. टीएलआर-४ ला तो ऐकूच येत नाही. शरीर गाफील राहतं, जिवाणू गुपचूप वाढतो, आणि जाग येते तोवर रक्तभर पसरलेला असतो. २००६ मध्ये एगिल लीन यांच्या गटाने या जिवाणूत एक जनुक बसवून त्याला ३७ अंशांनाही सहा शेपट्या बनवायला लावलं. उंदरांना मारण्याची त्याची ताकद गेली, पण टीएलआर-४ शाबूत असलेल्या उंदरांतच. म्हणून 'दाह वाईट' असं सरसकट बोलणाऱ्यांशी माझं जमत नाही. वेळेवर झालेला ओरडा जीव वाचवतो. उशिरा आणि सगळीकडे एकदम झालेला ओरडा जीव घेतो.

आपल्याकडचं पावसाळ्यातलं उदाहरण लेप्टोचं. मुंबईत हिंदमाताला गुडघाभर पाणी साचलं, की महापालिका डॉक्सिसायक्लिन घ्या म्हणून सांगते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोची जी साथ आली, तिची आठवण असलेले डॉक्टर अजूनही जुलैत तापाच्या पेशंटला पहिला प्रश्न 'पाण्यातून चाललात का' हाच विचारतात. लेप्टोस्पायरालाही एलपीएस असतं, पण त्याच्या लिपिड ए वरचा एक फॉस्फेट मिथाइलने झाकलेला आणि दुसरा गायब असतो. माणसाचा टीएलआर-४ त्याला ओळखत नाही. माणसाच्या पेशी त्याच्या बाबतीत टीएलआर-२ वापरतात. उंदराचा टीएलआर-४ मात्र तोच लिपिड ए ओळखतो आणि टीएलआर-४ बिघडलेले उंदीर लेप्टोला बळी पडतात. तेव्हा 'एलपीएस म्हणजे टीएलआर-४' हे तुझं कोष्टक ई. कोलाय आणि त्याच्या भावकीपुरतं खरं आहे. कोणाचं एलपीएस आणि कोणाचा टीएलआर-४, हे दोन्ही माहीत असल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही.

आता तुझ्या कोष्टकातली दुसरी ओळ: पेप्टिडोग्लायकनसमोर टीएलआर-२. मी शिकले तेव्हाही हेच होतं, आणि अजून कित्येक वर्गांत हेच फळ्यावर लिहिलं जातं. टीएलआर-२ चं खरं गिऱ्हाईक म्हणजे लिपोप्रोटीनं. टीएलआर-१ शी जोडी केली की तो तीन शेपट्यांची लिपोप्रोटीनं ओळखतो, टीएलआर-६ शी केली की दोन शेपट्यांची. पेप्टिडोग्लायकन हे जाळं आहे. जिवाणू फोडून ते काढताना लिपोप्रोटीनं आणि टायकोइक आम्ल त्यात अडकून येतात, मासळीच्या जाळ्यात प्लास्टिक येतं तशी. २००४ मध्ये काही संशोधकांनी वेगवेगळ्या जिवाणूंचं पेप्टिडोग्लायकन खूप कसून धुतलं आणि टीएलआर-२ चा प्रतिसाद नाहीसा झाला. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये लिपोप्रोटीनला शेपट्या लावणारं जनुक काढून टाकलं तरी टीएलआर-२ ची बरीचशी खळबळ थांबते, भिंत तेवढीच जाड असूनही. या मुद्द्यावर वाद पूर्ण मिटलेला नाही. पण मी परीक्षक असेन आणि तू 'पेप्टिडोग्लायकन टीएलआर-२ ने ओळखलं जातं' एवढंच म्हणालीस, तर पुढचा प्रश्न 'शुद्ध होतं कशावरून?' हा असेल.

पेप्टिडोग्लायकन खरं वाचलं जातं पेशीच्या आत. मॅक्रोफेजने जिवाणू गिळला, की लायसोझाइम त्या जाळ्याचे धागे कापतं. हे तेच लायसोझाइम, जे फ्लेमिंग यांना पेनिसिलिनच्या कितीतरी आधी सर्दीच्या शेंबडात सापडलं होतं. कापलेले बारीक तुकडे पेशीद्रवात येतात आणि तिथे नॉड-१ आणि नॉड-२ हे रिसेप्टर बसलेले असतात. नॉड-२ ला हवा असतो म्युरामिल डायपेप्टाइड, म्हणजे एमडीपी. तो जवळजवळ सगळ्याच जिवाणूंच्या भिंतीत असतो. नॉड-१ ला हवा असतो डायअमिनोपिमेलिक आम्ल असलेला तुकडा, जो मुख्यतः ग्रॅम निगेटिव्हमध्ये आणि लिस्टेरियासारख्या मोजक्या ग्रॅम पॉझिटिव्हमध्ये मिळतो. दोघेही आरआयपीके-२ मार्फत शेवटी त्याच एनएफ-कप्पाबीपाशी येतात. २०२२ मध्ये आणखी एक पायरी कळली: एमडीपीवर पेशीतलं एनएजीके हे विकर आधी फॉस्फेट लावतं, तेव्हाच नॉड-२ त्याची दखल घेतो. इतकी वर्षं आम्ही एमडीपी विकत आणून पेशींवर ओतत होतो आणि ही पायरी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती.

एमडीपीची कहाणी टीबीवाल्यांना जवळची वाटावी. प्रतिकारशक्तीला डिवचायला वापरतात त्या फ्रॉइंडच्या पूर्ण ॲडज्युव्हंटमध्ये तेलात घोळलेले मेलेले मायकोबॅक्टेरिया, म्हणजे टीबीच्या जिवाणूच्या कुळातले जिवाणू, असतात. त्यातला सगळ्यात छोटा कामाचा तुकडा कोणता, हे शोधताना १९७४ मध्ये फ्रान्समध्ये एमडीपी हाती लागला. टीबीच्या जिवाणूचा एमडीपी ग्लायकोलिल गटाचा असतो आणि नॉड-२ ला नेहमीच्या तुकड्यापेक्षा जास्त डिवचतो. शिवाय त्याच्या भिंतीवर मायकोलिक आम्लाचा मेणचट थर, त्यातला कॉर्ड फॅक्टर मिंकल नावाचा आणखी एक रिसेप्टर ओळखतो. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये बीसीजी ही टीबीची लस आत सोडतात तेव्हा पेशंटला जळजळ आणि बारीक ताप येतो, त्यामागे याच भिंतीचा हात असतो. तिथे डॉक्टरांना थोडा ओरडा हवाच असतो.

एक दरवाजा राहिला. एलपीएस पेशीच्या आत, थेट पेशीद्रवात पोचलं तर टीएलआर-४ ची गरजच उरत नाही. उंदरात कॅस्पेस-११ आणि माणसात कॅस्पेस-४ व ५ ही विकरं त्याला स्वतःच पकडतात, गॅस्डर्मिन-डी हे प्रथिन कापतात आणि त्याचे तुकडे पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात. पेशी फुटून मरते. २०१३ मध्ये दाखवलं गेलं, की टीएलआर-४ नसलेले उंदीरसुद्धा आधी वेगळ्या मार्गाने चेतवले तर एलपीएसने मरतात. कॅस्पेस-११ नसेल तर वाचतात. तुझ्या प्रयोगात मीडियात नुसतं एलपीएस ओतल्याने हा दरवाजा सहसा उघडत नाही, म्हणून यात फार शिरत नाही.

आता आजी. एका पेशंटवरून नेमकं कारण सांगता येत नाही. पहिल्या दिवशी ताप औषधाशिवायही चढला असता. पण औषधाने जिवाणू फुटल्यावर ताप चढणं ही जुनी, ओळखीची गोष्ट आहे. सिफिलिसच्या उपचारात यारिश यांनी १८९५ मध्ये आणि हर्क्सहायमर यांनी १९०२ मध्ये ती नोंदवली, तेव्हा तर पेनिसिलिनही नव्हतं, पारा देत असत. लेप्टोतही पेनिसिलिननंतर ती दिसते. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंवर काही बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या कुळातली) औषधं अशी चालतात, की जिवाणू मरण्याआधी लांबच लांब दोऱ्यासारखा वाढतो आणि मग फुटून जास्त एलपीएस सोडतो. काही औषधांत हे कमी होतं. हे प्रयोगशाळेत स्पष्ट दिसतं, पण वॉर्डात औषध निवडताना जंतू कशाला दाद देतो हेच बघतात, आणि ते बरोबरच आहे. याचा सर्वांत ठोस वापर मेंदूज्वरात झाला. न्यूमोकॉकस हा जिवाणू फुटल्यावर भिंतीचे तुकडे मेंदूभोवतीच्या द्रवात पसरून दाह भडकतो, म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी किंवा सोबत देतात. नंतर देऊन तो फायदा मिळत नाही. ओरडा सुरू झाल्यावर तोंड दाबून काय उपयोग!

टायफॉइडमध्ये उलट बाजू दिसते. योग्य औषध सुरू असूनही ताप उतरायला चार-पाच दिवस सहज लागतात. घरचे तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलतात. ताप आहे म्हणजे औषध लागू पडत नाही, असं थेट गणित नसतं. आणि ताप चढला म्हणून औषध थांबवायचं तर मुळीच नसतं. जिवंत जिवाणू वाढत राहिला तर त्याच्या भिंतीचा साठाही वाढत राहतो. आजीच्या बाबतीत पुढे काय करायचं हे तिचे डॉक्टर ठरवतील. मी प्रयोगशाळेतली बाई आहे.

मग टीएलआर-४ लाच कुलूप घालणारं औषध सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शनने सगळं शरीर कोलमडतं तेव्हा, का नाही, असं तू विचारशीलच. एरिटोरान नावाचा, एमडी-२ ची खोबणी अडवून बसणारा रेणू होता. जवळजवळ दोन हजार पेशंटवर चाचणी झाली, २०१३ मध्ये निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत. तुझ्या हातातलं टॅक-२४२ सुद्धा सेप्सिससाठीच आलं होतं आणि तिथे पडलं. मला यात नवल वाटत नाही. पेशंट आयसीयूत पोचतो तोवर टीएनएफची लाट येऊन गेलेली असते, आणि सगळ्यांच्या रक्तात ग्रॅम निगेटिव्ह असतोच असंही नाही. उंदराला आपण आधी औषध देतो आणि मग एलपीएस. माणूस तसा वेळ सांगून आजारी पडत नाही.

राहिला तुझा कंट्रोल वेल. आमच्याकडे काही वर्षांपूर्वी जुलैत नेमकं हेच झालं होतं. मीडिया बदलला, सीरम बदललं, पेशी नव्या आणल्या, मायकोप्लाझ्मा तपासला. शेवटी सापडलं पीबीएस, म्हणजे पेशी धुवायचं खारं पाणी. ते ज्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलं होतं, त्याचा कॅरबॉय (मोठा कॅन) कोणीतरी आठवडाभर बेंचवर ठेवला होता. पाण्यात स्यूडोमोनास वाढले, मग आम्ही ते ऑटोक्लेव्ह करून शिस्तीत मारले, आणि त्यांचं सगळं एलपीएस पेशींना पाजलं. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हला एलपीएस दाद देत नाही. काचसामान २५० अंशांना अर्धा तास कोरड्या भट्टीत ठेवावं लागतं. पाण्याला तर भट्टीत घालता येत नाही, ते मुळात चांगलंच आणावं लागतं. इंजेक्शनच्या पाण्याची मर्यादा मिलिलिटरला ०.२५ एंडोटॉक्सिन युनिट आहे. एक युनिट म्हणजे ई. कोलायचं साधारण ०.१ नॅनोग्रॅम एलपीएस. तेवढंही माणसाच्या मोनोसाइटना पुरतं.

तर असं कर. कंट्रोल वेलमध्ये एलपीएसला बांधून निकामी करणारं पॉलिमिक्सिन बी घालून बघ. टीएनएफ पडला तर दोषी एलपीएस. नाही पडला तर लिपोप्रोटीन किंवा आणखी काही. मग एकेक घटक, आधी पीबीएस आणि पाणी, एंडोटॉक्सिन शोधणाऱ्या एलएएल चाचणीला दे. ती हॉर्सशू क्रॅबच्या (नावाने खेकडा, पण कोळी-विंचवांच्या जवळचा प्राणी) रक्तपेशींपासून केलेली चाचणी आहे, पण एक लक्षात ठेव: तिला लिपोप्रोटीन दिसत नाही आणि बुरशीचं ग्लुकान दिसतं. तेव्हा एलएएल 'शून्य' म्हणजे बाटली स्वच्छ, असं नव्हे.

टॅक-२४२ ला न जुमानणाऱ्या टीएनएफसाठी आधी सांग, की ते एलपीएसच्या किती आधी घातलं होतंस. सोबतच घातलं असेल तर पुन्हा कर, निदान अर्धा तास आधी घालून. तेवढ्यानेही जात नसेल, तर बाटलीवरचा माल नेहमीचा आहे की पुन्हा शुद्ध केलेला, ते वाच. २००० मध्ये दाखवलं गेलं की बाजारातल्या एलपीएसला फिनॉलने परत धुतलं, की त्याचं टीएलआर-२ वर चालणारं काम संपतं. म्हणजे ते कधी एलपीएसचं नव्हतंच. जवळपास कोणाकडे फक्त टीएलआर-२ बसवलेल्या एचईके-२९३ पेशी असतील, तर तुझं एलपीएस आणि पेप्टिडोग्लायकन दोन्ही त्यांच्यावर घालून बघ. मला वाटतं दोन्ही वाजतील.

आणखी एक. एलपीएस प्लास्टिकला चिकटतं आणि पाण्यात त्याचे गोळे होतात. वापरण्याआधी नीट व्होर्टेक्स कर. सीरम नसलेल्या मीडियात एलबीपी नसतं, तिथे प्रतिसाद कमी आला तर पेशींना दोष देऊ नकोस. पॉलिमिक्सिनचा निकाल, पेशींचं नाव आणि दोन्ही बाटल्यांचे लॉट नंबर कळव, मग पुढचं बोलू.